पाच मिनिटांचे काम

गेल्या वर्षी श्रावणात आई न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी घसरून पडली आणि तिच्या उजव्या खांद्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया टळली, हात सहा आठवडे झोळीत राहिला, दुखणेही हळूहळू ताब्यात आले. पण या सगळ्यात जी अडचण शेवटपर्यंत हटून बसली ती अगदीच किरकोळ होती. अंगात काय घालायचे, एवढीच ती अडचण. साडीचा प्रश्नच नव्हता, ब्लाऊजच्या बाहीत हात जात नव्हता, आणि पुढून उघडणाऱ्या गाऊनची चेन पोटापर्यंतच येत असल्यामुळे तोही शेवटी डोक्यावरूनच घालावा लागतो, हे तोवर माझ्या कधी लक्षातही आले नव्हते. शेवटी मीच एक युक्ती काढली आणि आईचे दोन सुती गाऊन घेऊन गल्लीच्या तोंडाशी असलेल्या टेलरकडे गेले. उजव्या खांद्याची शिवण गळ्यापासून बाहीच्या टोकापर्यंत उसवायची, दोन्ही कडांना पट्टी लावायची आणि वर टिचबटणे बसवायची, म्हणजे हात न उचलता गाऊन अंगाभोवती मिटता येईल, असे मी त्यांना हातवारे करून समजावले. त्यांनी गळ्यातली टेप न काढता गाऊन उलटा करून पाहिला, घडी घातली आणि माझ्यापुढे सरकवला. “ताई, आल्टरचं काम आम्ही घेत नाही. आणि हे तर पाच मिनिटांचं काम आहे, घरीच करून टाका ना.”

त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. असता तर बरे झाले असते, कारण मग मला रागावता आले असते. माझ्या वयाच्या बाईला एवढे येतच असणार, असे त्यांनी सहज गृहीत धरले होते. घरी येऊन मी कात्री घेतली, शिवण उसवण्याऐवजी तिच्या शेजारून कापड कापले, आणि पट्टी लावण्यासाठी सुईत दोरा ओवून होईपर्यंत त्या कापलेल्या कडेतून दोरे सुटायला लागले. मी टाके घालत होते आणि कड माझ्या पुढे पळत होती. आई पलंगावर बसून पाहत होती. तिने एकदाही टोकले नाही, आणि तेच फार लागले. अर्ध्या तासाने ती म्हणाली, “राहू दे आता. बाबांचे शर्ट आहेत बघ कपाटात खालच्या कप्प्यात, त्यातला एक काढ.”

पाच मिनिटांचे काम मला येत नव्हते.

हे वाक्य लिहिताना आजही थोडे चमत्कारिक वाटते, कारण मी ज्या घरात वाढले तिथे शिवणयंत्र हे घड्याळाच्या जागी होते. आम्ही इचलकरंजीचे. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही सांगता यायचे, आणि गावाची रात्र म्हणजे मागांची न थांबणारी खटखट, हे इतके अंगवळणी पडलेले होते की वीज गेली की शांततेने आम्हाला जाग यायची. मागांच्या त्या गदारोळात आमच्या घरातला आवाज वेगळा आणि बारीक होता. भिशीच्या पैशांतून घेतलेल्या काळ्या पायमशीनचा तो आवाज; तिच्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी होती आणि जिथे आईचा डावा तळहात टेकायचा तिथली वेल पुसून गेली होती. आई दुपारी बारा ते पाच शिवायची. पॉपलीनचे तुकडे वजनावर मिळत, त्यांचे परकर व्हायचे. शेजारपाजारच्या बायकांचे ब्लाऊज यायचे. लग्नसराईत साड्यांना फॉल लावायचे ढीग पडायचे. मशीनच्या तेलाचा वास, नव्या कापडाच्या खळीचा वास आणि गरम इस्त्रीखाली ओलसर सुताचा येणारा वास, हे तिन्ही मिळून मला अजून ‘दुपार’ असेच वाटतात. माझे काम एकच असायचे, ते म्हणजे जमिनीवर सांडलेल्या टाचण्या लोहचुंबकाने गोळा करणे. त्यापुढे मी कधी सरकले नाही, आणि आईनेही मला सरकवले नाही.

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला पांढऱ्या कापडाच्या चौकोनावर धावदोरा, उलटी टीप, साखळी टाका आणि गव्हाची ओंबी असे नमुने करून द्यायचे असत. मी गणिताची वही पुढे ओढायची आणि कापड आईपुढे टाकायची. सातवीत बाईंनी माझा नमुना वर्गात उंच धरला, बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाल्या, “तुझ्या आईला दहापैकी दहा.” वर्ग हसला. मला लाज वाटायला हवी होती, पण खरे सांगायचे तर मला त्यात बढाईच वाटली. शिवण हे माझे क्षेत्र नव्हे, हे जणू अधिकृतपणे मान्य झाले होते. पुढे मला पाहायला आलेल्या एका घरातल्या आत्याबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवत विचारले होते, “शिवणटिपण येतं ना?” आणि मी “नाही, मला त्यात रस नाही,” असे उत्तर मोठ्या आवाजात दिले होते. आमच्या पिढीतल्या बऱ्याच मुलींनी स्वयंपाक आणि शिवण न येण्याचा एक झेंडाच केला होता. त्या झेंड्याची गरज होती, हे मी आजही नाकारणार नाही. फक्त तो कापडाचा होता आणि कुणीतरी शिवलेला होता, एवढे तेव्हा सुचले नाही.

तर वयाच्या 54व्या वर्षी, एका तंत्रनिकेतनात 26 वर्षे गणित शिकवून झाल्यावर, मी घराजवळच्या शिवण क्लासमध्ये नाव घातले. आईला सांगितले नव्हते. एका बंगल्याच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत आठ पायमशीन दोन रांगांत मांडलेली, भिंतीवर तपकिरी कागदाची कापलेली बाही, गळे आणि बाही जोडायचे मुंढे खिळ्यांना अडकवलेले, आणि खाली चिंध्यांचा थर इतका की चप्पल काढल्यावर पायांना मऊ लागावे. शिकवणाऱ्या बाई माझ्याहून 20 वर्षांनी लहान होत्या. त्या मला ताई म्हणत आणि मी त्यांना बाई. बाकीच्या मुली मला काकू म्हणत. त्यांच्यातल्या एकीला घरबसल्या चार पैसे मिळवायचे होते, एकीचे लग्न ठरले होते आणि सासरी मशीन होती, एक नुसतीच घरातून दोन तास बाहेर पडायला येत होती. मी का आले, असे त्यांनी विचारल्यावर मी “आवड म्हणून” असे सांगितले. ते खोटे होते, आणि त्या शब्दाने खोली क्षणभर शांत झाली.

पहिला आठवडा दोरा न ओवताच गेला. वहीच्या रेघी कागदावर रिकाम्या सुईने टीप मारायची, आणि भोकांची रांग रेघेवरून ढळू द्यायची नाही, एवढाच धडा होता. हे बालवाडीसारखे वाटते, पण माझे पाय आणि हात यांची तोवर कधी ओळखच झालेली नव्हती, हे त्या आठवड्यात कळले. पायाने पायडल दाबायचे तर टाच आणि चवडा आलटून पालटून खाली जायला हवेत, हाताने वरचे चाक आपल्या दिशेने फिरवून सुरुवात करून द्यायला हवी, आणि पायाची लय जराशी चुकली की चाक उलटे फिरते. कागदावर ते चालून जाते. दोरा असला की तटकन तुटतो. माझे चाक उलटे फिरायचे. मी पायाकडे पाहिले की हात वाकडा जायचा, हाताकडे पाहिले की पाय थांबायचा, आणि दोन्ही सांभाळायला गेले की श्वास अडकायचा. बाई मागे येऊन उभ्या राहत आणि म्हणत, “ताई, सुईकडे बघू नका, सुई काही कुठं जात नाही. पुढं बघा, कापड कुठं चाललंय ते.” दहाव्या दिवशी केव्हातरी पायांनी माझ्याकडे विचारणे सोडून दिले आणि टीप आपोआप चालू लागली. कागदावर एक सरळ रांग पडली. तो कागद मी दप्तरात, म्हणजे पर्समध्ये, घालून घरी आणला.

मग मांजरपाट आले. ते आधी भिजवायचे, वाळवायचे, इस्त्री करायचे, कारण कोरे सुती कापड पहिल्या पाण्यात आटते आणि आटायच्या आत कापलेला कपडा धुतल्यावर धाकट्या भावाचा होतो. उभा धागा कोणता आणि आडवा कोणता, हे कापड दोन्हीकडून ताणून ओळखायचे. आडवा जरासा देतो, उभा देत नाही. आणि कापड तिरपे धरून कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे ताणले तर ते रबरासारखे वाढते. याला उरेब म्हणतात. गळ्याच्या गोलाईला लावायची पट्टी म्हणून उरेबच कापायची, कारण सरळ धाग्याची पट्टी वळणावर चुण्या पाडते. पंचेचाळीस अंशांत धरल्यावर धाग्यांचे चौकोन तिरपे होऊन लांबटतात, म्हणून कापड वाढते, हे मला तत्काळ उमगले आणि मी ते उत्साहाने बाईंना फळ्यावर काढून दाखवले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले. “बरोबर आहे, ताई. आता पट्टी लावा,” असे त्या म्हणाल्या. ती लावताना मला तीनदा उसवावी लागली.

एका दुपारी माझ्या मशीनवर टीपच पडेना. सुई खाली जात होती, वर येत होती, कापडाला भोके पडत होती. पण दोरा नुसता वरून सरपटत राहायचा. मी खालच्या दोऱ्याची बॉबिन काढून घातली, दोरा पुन्हा ओवला, वरचे टेन्शन सैल केले, घट्ट केले. शेवटी बाईंनी सुई काढली, तिच्या दांड्याची सपाट बाजू माझ्या बोटाला लावून दाखवली आणि फिरवून परत बसवली. मी सुई उलटी लावली होती. एवढ्याशा गोष्टीने सगळे का अडते, याचा विचार करत मी त्या संध्याकाळी मशीनचे झाकण सरकवून चाक हाताने अगदी हळू फिरवत बसले. हातसुईचे नेढे मागच्या टोकाला असते, म्हणून सगळी सुई कापडातून आरपार जावी लागते. यंत्राच्या सुईचे नेढे टोकाशी असते, त्यामुळे टोक बुडाले की दोरा आत पोचतो. सुई तळाशी जाऊन केसभर वर उचलली जाते तेव्हा दोऱ्याला मागे एक छोटासा फुगा येतो. नेमक्या त्याच क्षणी शटलचे टोक फिरत येऊन त्या फुग्यात शिरते, त्याला खेचून बॉबिनच्या अंगावरून फिरवते आणि खालचा दोरा त्यात अडकतो. वरचा दोरा खाली जात नाही आणि खालचा वर येत नाही. दोघे कापडाच्या जाडीत कुठेतरी एकमेकांना मिठी मारून परत फिरतात. सुई उलटी असली की फुगा भलत्या बाजूला येतो आणि शटल रिकाम्या हाती निघून जाते. मी ते 20-25 वेळा पाहिले. मिनिटाला शेकडो वेळा होणारी ही गोष्ट आमच्या घरात 15 वर्षे चालली होती, आणि मी तिच्या शेजारी बसून लोहचुंबकाने टाचण्या उचलत होते.

नेढे टोकाशी नेण्याची ही युक्ती एलियस हाऊ याच्या 1846च्या पेटंटात होती. आयझॅक सिंगरचे पेटंट 1851चे, आणि पुढे त्याला हाऊला स्वामित्वधन द्यावे लागले. पण नाव राहिले ते सिंगरचे. यंत्रांबद्दल इतके कडवट लिहिणाऱ्या गांधीजींनीही 1924 साली एका संभाषणात शिवणयंत्राचा अपवाद केला होता. बायकोला हाताने शिवताना शिणलेली पाहून सिंगरने तिच्यावरच्या प्रेमापोटी हे यंत्र घडवले, अशी त्यामागची गोष्टही त्यांनी सांगितली होती. प्रत्यक्षात हा सिंगर नाटकमंडळी घेऊन फिरणारा नट होता आणि त्याचे एकाच वेळी एकाहून अधिक संसार चालू होते, त्यामुळे नेमक्या कोणत्या बायकोचा शीण त्याला दिसला, हा प्रश्नच आहे. तोवर माझे गुपित फुटले होते, कारण माझ्या कपड्यांना लागलेले दोऱ्यांचे तुकडे लपवण्याची अक्कल मला नव्हती आणि ते ओळखण्याची आईला होती. मी तिला ही सिंगरची गोष्ट सांगितली. ती बाबांच्या शर्टाची बाही दुमडत म्हणाली, “एवढं प्रेम होतं तर मशीन कशाला करत बसला? बसून शिवून द्यायचे होते की दोन कपडे.”

शिवायला शिकणे म्हणजे बहुतांशी उसवायला शिकणे, हे कोणी आधी सांगत नाही. माझा हिशेब असा की पहिल्या चार महिन्यांत मी जितका वेळ शिवले त्याच्या दुप्पट वेळ उसवले. उलट बाजू सुलट समजून जोडली म्हणून उसवले, बाही डावीच्या जागी उजवी लागली म्हणून उसवले, एकदा तर परकराच्या नेफ्यावर अशी टीप मारली की नाडी जायला वाटच उरली नाही. सुरुवातीला मी शिवण दोन्ही हातांनी फाडून काढायची, आणि कापडाला भोके पाडायची. मग बाईंनी शिकवले. शिवणीच्या एका अंगाचे दर चौथे-पाचवे टाके ब्लेडच्या कोपऱ्याने अलगद कापत जायचे, कापड उलटे करायचे, आणि दुसऱ्या अंगाच्या दोऱ्याचे टोक धरून ओढायचे. कापलेले तुकडे आपले तिथेच राहतात, आणि दुसरा दोरा अखंड, लांबच्या लांब, सुरसुरत हातात येतो. त्या ओढीला एक बारीक आवाज आहे, पावसात लांबून येणाऱ्या सायकलच्या चाकासारखा. चुकीला इतके सुख असू नये, असे मला प्रत्येक वेळी वाटते. उसवून झाल्यावर कापडावर टाक्यांच्या जागी भोकांची रांग राहते. ती पाण्याचा हात फिरवून इस्त्री केली की बरीचशी मिटते, पण उजेडाकडे धरले तर दिसते.

कापणे मात्र उसवता येत नाही, आणि मला खरी भीती त्याचीच होती. नामदेवांचे एक पद गुरू ग्रंथसाहिबात आहे. त्यात मन हा मापाचा गज होतो, जीभ ही कातर होते, सोन्याची सुई आणि रुप्याचा दोरा येतो. शिंपीकाम ज्याच्या घरात होते त्यालाच ही उपमा अशी क्रमवार सुचली असणार: आधी माप, मग काप, मग शिवण. ब्लाऊज बेतायचा म्हणजे छातीच्या मापाचा चौथा भाग घ्यायचा, 36ला नऊ, त्यात माया धरायची, खांदा उतरता घ्यायचा, आणि मग खडूने मुंढ्याची ती एक वळणदार रेघ काढायची, जी कोणत्याही सूत्रात बसत नाही. माझी ती रेघ दर वेळी कोनाड्यासारखी यायची. त्यातच टक्स आले. सपाट कापडात छातीच्या गोलाईपाशी एक त्रिकोणी चिमटा घेऊन तो शिवून टाकला की कापडाला अचानक पोट येते. हे पहिल्यांदा माझ्या हातून झाले तेव्हा मी ते मांजरपाटाचे बोचके तळहातावर टोपीसारखे धरून किती तरी वेळ पाहत राहिले. गोल पृष्ठभाग ताणल्यावाचून किंवा फाडल्यावाचून सपाट होत नाही, म्हणून पृथ्वीचा कुठलाच नकाशा सगळ्या बाबतींत खरा नसतो. गणितज्ञ गाउसने 1827 साली यामागचे गणित मांडले, आणि मी ते वर्षानुवर्षे संत्र्याच्या सालीचे उदाहरण देऊन सांगत आले. वर्गात बसलेल्या प्रत्येक मुलीच्या अंगावर संत्र्याच्या सालीपेक्षा चांगले उदाहरण होते.

‘माया’ हा शब्द मी मुद्दाम मागे ठेवला आहे. शिवणीच्या आत, टिपेपलीकडे, जे जास्तीचे कापड ठेवायचे ते म्हणजे माया. पुढे अंग भरले तर तेवढ्यापुरती शिवण उसवून कपडा सैल करता यावा म्हणून. या शब्दापाशी येऊन मराठी माणसाला भावुक व्हायला फार सोपे जाते, आणि मीही झाले. मी घरी येऊन आईला म्हटले, काय सुंदर शब्द आहे, तू आम्हा सगळ्यांच्या कपड्यांत किती माया ठेवायचीस. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. “ठेवायची कसली? गिऱ्हाईक दोन वर्षांनी तोच ब्लाऊज घेऊन यायचं आणि सैल करून मागायचं. माया नसली तर नवं कापड आणा म्हणावं लागायचं, आणि मग ते दुसरीकडे जायचं.” क्लासमध्ये बाईही तो शब्द पाऊण इंच, एक इंच असाच वापरत. मी गप्प बसले.

त्याच संध्याकाळी असेल, किंवा नंतरच्या एखाद्या, मी तिला विचारले की तू मला कधी शिवायला का नाही शिकवलेस. तुला एवढे छान येत होते, तुला आवडत होते. तिने आधी उत्तर दिले नाही. रेडिओ बंद केला. मग म्हणाली, “मला आवडायचं असं तुला कुणी सांगितलं?”

मला कुणीच सांगितले नव्हते. ते मी स्वतःच ठरवले होते, आणि तेही अलीकडे, या क्लासच्या धुंदीत. तिने जे सांगितले ते फार थोडे होते. ब्लाऊजला सात रुपये मिळायचे तेव्हा त्यातले दोन हातशिलाई आणि हूक लावणाऱ्या बाईला जायचे. पाठ दुखायची, पण पाठीपेक्षा जास्त दुखायचे ते गिऱ्हाइकाने आरशासमोर उभे राहून तोंड वाकडे करणे. दुसऱ्याच्या अंगाच्या मापाने दिवस मोजायचा, असे ती म्हणाली. 1996 साली बाबांची बढती झाली, आणि तिने महिन्याच्या आत मशीन विकून टाकली. घेणाऱ्याशी घासाघीसही केली नाही. ती मशीन टेम्पोत चढवली गेली तेव्हा मला वाईट वाटले होते, आणि आईलाही वाटत असणार असे मी धरून चालले होते. त्या दिवशी दुपारी ती जेवून आतल्या खोलीत जाऊन झोपली, पाच वाजेपर्यंत. लग्नानंतर दुपारी झोपण्याची ती तिची पहिली वेळ, हे तिने मला आत्ता सांगितले. “तुझ्या हातात सुई दिली असती तर ती तुझ्याच गळ्यात पडली असती,” एवढे बोलून तिने रेडिओ पुन्हा लावला.

म्हणजे मी जे कौतुकाने, फी भरून, संध्याकाळच्या मोकळ्या वेळात शिकत होते, ते तिने माझ्यापासून जाणूनबुजून लांब ठेवलेले होते. माझा ‘आवड म्हणून’ हा शब्द ऐकल्यावर क्लासमधली खोली का थबकली, तेही मला तेव्हा कळले. तरीही मी क्लास सोडला नाही. थोडे अपराधी वाटत राहिले आणि बोटे मात्र दिवसभर कापड शोधत राहिली, असे ते दोन्ही एकदम चालू होते. मी बुधवारच्या जुन्या बाजारात जाऊन एक काळी पायमशीन घेतली. तिचा पट्टा वाळून कडक झाला होता, कारागिराने तो बदलला, तारेची पिन ठोकून सांधा जोडला, आणि जिथे जिथे भोक दिसले तिथे तिथे तेलाचे दोन थेंब सोडले. ती घरात आली तेव्हा आईने दारातच तिच्यावरून डावा हात फिरवला, झाकण उघडून शटलजवळ बोट घातले, वासाला नाकाशी नेले. “दात झिजलेत,” ती म्हणाली. “पातळ कापड ओढणार नाही.” आणि मला सांगायला वाईट वाटते की ते अगदी खरे निघाले.

दरम्यान झोळी निघाली होती, हाड सांधले होते, पण खांदा आखडला होता. हात छातीच्या वर जात नव्हता. फिजिओथेरपीच्या मुलीने भिंतीवर बोटांनी चढत जायचा व्यायाम दिला होता आणि आई दोन पायऱ्या चढून हात खाली टाकायची. ती अजून बाबांच्याच शर्टात होती. एक दिवस धुवायला टाकताना त्यातल्या निळ्या शर्टाची कॉलर माझ्या हातात आली आणि मी ती उलटून पाहिली, कारण आता मला कपड्याची आतली बाजू पाहायची सवय लागली होती. कॉलरच्या खालच्या अंगाला कापड विरून पांढरे पडले होते, पार धागे दिसत होते. वरचे अंग मात्र नव्यासारखे होते. मानेला घासून कॉलर झिजली की ती पूर्ण उसवायची, उलटी करायची आणि झिजलेली बाजू खाली दडवून परत बसवायची. हे तिने केव्हातरी केले होते. टीप इतकी सरळ होती, आणि जुन्या टिपेच्या भोकांतूनच इतकी नेमकी गेली होती, की बाबांनाही ती कळली नसेल. हे गिऱ्हाइकाचे काम नव्हते, त्याचे पैसे मिळाले नव्हते. म्हणून मी ते प्रेम समजावे का? मला खात्री नाही. नवा शर्ट घ्यायला त्या महिन्यात पैसे नसतील, हे जास्त शक्य आहे. मी ती कॉलर बराच वेळ बोटांत धरून उभी राहिले आणि मग शर्ट बादलीत टाकला.

माघ उजाडला तेव्हा मी आईच्या गाऊनला हात घातला. जो पहिला बिघडवला होता तो नव्हे, दुसरा. दुपारी दोनला बसले. खांद्याची शिवण रीतसर उसवली, बाहीची वरून उघडली, गळ्याला उरेब पट्टी, सरळ कडांना सरळ पट्टी, खांद्यापाशी कापड दुहेरी केले म्हणजे टिचबटणांच्या ओढीने ते फाटणार नाही. बटणे हातानेच लावली, सात. प्रत्येक बटणाला चार भोके, प्रत्येक भोकात तीन टाके. सगळे झाले तेव्हा पावणेसहा वाजले होते. मी गाऊन आईच्या मांडीवर ठेवला आणि समोर बसले, अगदी सातवीतल्यासारखी.

तिने तो सुलट बाजूने पाहिलाच नाही. उलटा केला आणि अंगठ्याचे पेर पट्टीवरून सावकाश, गळ्यापासून बाहीपर्यंत, फिरवत नेले. हल्ली तिला जवळचे धड दिसत नाही, सगळे ती अशी बोटांनी वाचते. खांद्याच्या हाडापाशी अंगठा थांबला, मागे आला, पुन्हा तिथेच थांबला. “इथं चुणी घेतलीय,” ती म्हणाली. मी म्हटले, असू दे, आत आहे, कोणाला दिसते. “मला टोचेल.” मग तिने शिवणीची कड चिमटीत धरून पाहिली. “आणि माया किती ठेवलीस? हे काय, पाव इंचसुद्धा नाही. दोन धुण्यांत निघून येईल. ब्लेड दे.”

मी म्हटले मी उसवते, तुझा हात आहे असा. तिने ऐकले नाही. गाऊन डाव्या हाताने गुडघ्यावर दाबून धरला आणि उजव्या हाताने, कोपर अंगाशी घट्ट ठेवून, ब्लेडचा कोपरा टाक्याखाली सरकवला; चौथा टाका, पाचवा टाका, पुढचा चौथा. नजर खिडकीकडे होती. बाहेर दिवेलागण होत आली होती. एरवी या वेळेला ती सुई-दोरा खाली ठेवायला लावते. टोकापर्यंत गेल्यावर तिने कापड उलटले, नखाने दोऱ्याचे टोक उचलून काढले, चिमटीत धरले आणि ओढले. दोरा तो बारीक सुरसुरता आवाज करत निघाला, माझ्या पट्टीची सबंध लांबी, आणि तो येत गेला तसतसा तिचा उजवा हात छातीपर्यंत आला, हनुवटीपर्यंत आला, आणि कानाच्याही वर गेला. तिथे तो दोरा धरून क्षणभर तसाच राहिला. तिच्या ते ध्यानात आले नव्हते. मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर तिने तो लगेच खाली घेतला असता.